एम्झी बाउमनची वाकडी नांगरट

१२ फेब्रुवारी

उणे अठरा. वारा वायव्येचा. आकाश निरभ्र.

सरपणाची रास अद्याप कमी झालेली नाही. नाताळापासून मी दररोज चूल पेटवीत आहे. तथापि गोठ्याच्या भिंतीलगतची रास होती तेवढीच आहे, किंबहुना किंचित उंच. याचे कारण मला ठाऊक आहे. लाकूड योग्य रीतीने रचले असता ते सावकाश जळते. साल वर, गाभा खाली, आणि दोन थरांमध्ये बोटभर हवा. ही पद्धत माझ्या वडिलांची. हल्लीचे लोक लाकूड फेकून रचतात आणि हिवाळा सरण्यापूर्वी शेजाऱ्याच्या दारी जातात. मी अद्याप कोणाच्या दारी गेलेलो नाही.

काही ढलप्या मात्र कोणी दातांनी फोडल्यासारख्या ओबडधोबड दिसतात. कडक थंडीत लाकूड आपोआप तडकते.

रात्री बर्फ पडला. तरीही सकाळी दारापासून गोठ्यापर्यंतची वाट मोकळी होती. हे वाऱ्याचे काम. घर बांधताना मी त्याचे तोंड विचारपूर्वक ठरवले होते. वाट थोडी नागमोडी होती, परंतु वारा काही सरळ वाहत नाही.

माझी पत्नी लव्हिना असताना सरपण इतके पुरत नसे. तिला थंडी फार वाजत असे.

१६ फेब्रुवारी

उणे अकरा. ढगाळ.

माझी थोरली बहीण मालिंडा हिला शेजारच्या एम्झी बाउमनची सून एल्व्हेर्डा बग्गीतून घेऊन आली. ताईने नव्वदी ओलांडली आहे. तिचे पाय गेले आहेत, जीभ गेलेली नाही.

ती रास पाहून म्हणाली, "कोण फोडतं रे तुझी लाकडं?"

"मी."

"कधी? बसल्या बसल्या? तुला वाकता येत नाही, उरायस. बुटाची नाडी तरी बांधता येते का?"

"मी नाडीचे बूट घालीत नाही."

"का?"

"त्यांत डौल नाही."

एल्व्हेर्डाने तोंड फिरवून चुलीत लाकूड सारले. मग तिने आणलेले नूडल्सचे सूप टेबलावर ठेवले. मी म्हणालो की माझ्याकडे सूप आहे. ती म्हणाली, "असू दे, काका. याला भांडं हवं होतं ठेवायला." या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. मी ते सूप ताईला अर्धे घ्यावयास लावले, म्हणजे ते पाहुणचारात जमा होते.

जाताना ताई म्हणाली, "हे बघ, या वसंतातलं प्रभुभोजन मला घ्यायचंय. शरदातलं काही मी बघत नाही. तेवढ्यासाठी थांबलेय. तू मध्ये काही खोडा घालू नकोस."

मी विचारले की मी खोडा का घालीन.

"तुझ्या स्वभावाला कारण लागत नाही म्हणून," ती म्हणाली.

२४ फेब्रुवारी

उणे सहा. धुके.

आज एम्झी बाउमनने माझा उपहास केला.

तो न विचारता स्वयंपाकघरात शिरला. मी चुलीमागे खुर्चीत बसलो होतो. दाराजवळच्या खुंटीवर माझा कोट होता व कोटावर टोपी. एम्झी कोटाकडे तोंड करून म्हणाला, "काय उरायस, बरा आहेस ना?" मी उत्तर दिले नाही, कारण प्रश्न मला विचारलेला नव्हता. त्यावर तो कोटाशी हवापाणी, गाईचे आटलेले दूध आणि स्वतःचा गुडघा या विषयांवर बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "आज गप्प गप्प आहेस. लव्हिनाची आठवण येते का रे? मलाही येते. काय हसायची ती." मग त्याने कोटाच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा चाचपला, आणि घाईने निघून गेला.

सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी त्याने टेबलाच्या अगदी कडेवर ठेवली होती. मी ती पडण्यापूर्वी धरली. एम्झी पूर्वीपासून असाच निष्काळजी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. चौथीत मी पहिला आलो व त्याच वर्षी वडील गेल्यामुळे नांगर धरला. तो आठवीपर्यंत शिकला आणि अक्षर अजून कोंबडीचे.

५ मार्च

उणे दोन. छपरावरून पाणी ठिबकते.

आज गोठ्यात जमिनीवर उताणे पडून छपराच्या तुळयांची तपासणी केली. हे काम उभे राहून नीट होत नाही. तपासणीस अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला.

मध्येच एम्झी आला आणि माझ्या पायांना अडखळून माझ्या शेजारी पडला.

"कोण आहे?" तो म्हणाला.

"मी आहे. हा माझा गोठा आहे."

"काय करतोयस रे खाली?"

"तुळया तपासतो आहे."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

त्याने छपराकडे तोंड केले. मग म्हणाला, "मी पण बघतो जरा. माझा गुडघा काही आत्ता उठू देत नाही."

अशा रीतीने आम्ही दोघांनी तुळया पाहिल्या. त्याने एकाही तुळईविषयी मत दिले नाही. गाय आमच्याकडे पाहत होती. त्याने विचारले, "उरायस, तुला भीती वाटते का रे कधी?" मी सांगितले की तुळया ओकच्या आहेत, भिण्याचे कारण नाही. संध्याकाळी सासऱ्यास शोधीत एल्व्हेर्डा आली. तिने आम्हा दोघांना उठवले. मी तिला स्पष्ट केले की माझी तपासणी पूर्ण झालेली होती, मी केवळ एम्झीसाठी थांबलो होतो.

"हो काका," ती म्हणाली, "बाबापण असंच म्हणतायत."

१३ मार्च

तीन अंश. चिखल.

मनात एक शंका आली आहे. ती खोटी ठरावी म्हणून मी आज राशीतील प्रत्येक ओंडक्याचे टोक लाल रंगाने रंगवले. रंग गोठ्याच्या दारासाठी आणलेला होता. आता कोणी बाहेरचा ओंडका आणून ठेवल्यास तो त्वरित ओळखू येईल.

१५ मार्च

दोन अंश. रिमझिम.

रास उंच झाली आहे. सर्व ओंडके लाल आहेत.

यावर मी बराच विचार केला. ओल्या हवेत रंग एका लाकडातून दुसऱ्यात उतरू शकतो. परंतु तो मांजराला, पाणी काढण्याच्या पंपाला आणि एका कोंबडीला कसा लागला, याचा उलगडा झाला नाही.

१८ मार्च, रविवार

उपासनेत एम्झी पुढच्या बाकावर होता. त्याच्या दाढीचे टोक लाल होते.

संपूर्ण हिवाळाभर माझ्या आवारात चोरी होत आली आहे. फक्त ती उलट्या दिशेने होत आहे. माल नेत नाहीत, आणून ठेवतात. ओंडके फोडणारी थंडी नव्हती आणि वाट झाडणारा वाराही नव्हता. मी, उरायस फ्रे, कोणाच्या दारी गेलो नाही, म्हणून दार माझ्याकडे आले.

आज रात्री चूल पेटवली नाही. मग थंडी वाजली, म्हणून पेटवली.

२१ मार्च

सहा अंश. ऊन. मेपलच्या झाडांचा गोड रस काढण्यास उत्तम दिवस.

एम्झीच्या वनात गेलो. तो रस उकळीत होता. वाफेत त्याला मी दिसलो नसावा, कारण मी अगदी समोर उभा राहिलो तरी तो कढईच हलवीत होता.

मी म्हणालो, "तू माझ्या राशीवर लाकडे ठेवतोस."

"अरे, उरायस! ये, ये. मी? छे."

"तुझी दाढी लाल आहे."

"म्हातारपण," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याला खोटे फार वेळ धरून ठेवता येत नाही, हे मला पहिलीपासून ठाऊक आहे.

"एल्व्हेर्डा म्हणाली, उरायसनं टोकं रंगवलीत," तो म्हणाला. "मला वाटलं, कीड लागू नये म्हणून असेल. तू काहीतरी विचार करूनच करतोस. म्हटलं, माझीही रंगवू."

"मी तुझ्याकडे सरपण मागितले होते काय?"

"तू मागशील तेव्हा तू उरायस कसला?"

"मग का आणलेस?"

तो खरोखरच गोंधळला. "थंडी होती रे," तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. मी त्याला सांगितले की याची फेड होईल. तो म्हणाला, फेड कसली, रस चाखून जा. मी चाखला नाही. वास मात्र चांगला होता.

२९ मार्च

फेड करण्याचा प्रयत्न आज केला.

एम्झीच्या आवाराचे फाटक एका बिजागरीवर लोंबकळत असते. तो घरी नसताना मी माझी हत्यारे घेऊन गेलो व ते फाटक काढून नीट तासले, घासले, पुन्हा बसवले. आता ते एका बोटाने उघडते. पूर्वी ते उघडतच नव्हते, आणि त्या कारणानेच डुकरे आत होती, ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती.

डुकरे संध्याकाळी उपासनागृहाच्या आवारात सापडली. एक आतही गेले होते. ते स्त्रियांच्या बाजूला बसले, असे म्हणतात.

मी एम्झीपुढे उभा राहून त्याच्या रागाची वाट पाहू लागलो. त्याचा हक्क होता. तो म्हणाला, "काय छान फिरतं रे फाटक! आवाजसुद्धा नाही. डुकरांना पण जरा बाहेर पडायला हवंच होतं." आणि त्याने माझे दोन्ही हात हातांत घेऊन आभार मानले.

हे असह्य आहे.

२ मे

चौदा अंश. वारा दक्षिणेचा.

एप्रिलच्या अखेरीस मी कमरेला विश्रांती देण्याचे ठरवले व काही दिवस अंथरुणावर काढले. एल्व्हेर्डा सकाळ-संध्याकाळ येत असे. मी तिला येऊ नको म्हणत असे, पण त्या अवस्थेत दाराला कडी लावणे सोयीचे नव्हते.

आज उठून खिडकीशी गेलो.

माझे रस्त्याकडचे शेत नांगरलेले आहे. उपासनागृहाला जाणारा प्रत्येक मनुष्य या शेतावरून जातो. साठ वर्षे तो पाहत आला आहे की उरायस फ्रेच्या नांगराने मातीत ओढलेला तास या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणलेल्या दोरीसारखा जातो. बापांनी आपल्या मुलांना बग्गी थांबवून तो दाखवला आहे. माझ्याजवळ दुसरे काही दाखवण्यासारखे नव्हते. शिक्षण नव्हते, मुले झाली नाहीत. ती रेघ होती.

आता तेथे जे आहे त्याला नांगरट म्हणवत नाही. तास निघतो, डावीकडे विचार करतो, उजवीकडे जातो, मध्ये एक वेटोळे आहे, आणि एका ठिकाणी तर नांगर रस्त्यावर जाऊन परत आला आहे. बैल झोपेत लोळावा तसे दिसते.

एल्व्हेर्डा चहा घेऊन आली. मी विचारले, "हे कोणी केले?"

"बाबांनी. तुमचं पेरणीचं राहायला नको म्हणून. कुणाला हात लावू दिला नाही, एकटेच गेले." तिनेही खिडकीतून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "अगंबाई," ती म्हणाली. ती बराच वेळ त्या शेताकडे पाहत राहिली आणि मग चहा हातात तसाच घेऊन परत गेली. तिलाही नांगरटीची पारख आहे, हे मला ठाऊक नव्हते.

६ मे, रविवार

समेटाची सभा.

वसंतात व शरदात मंडळी भाकर व पेला एकत्र घेते; या प्रभुभोजनापूर्वी बिशप प्रत्येकाला विचारतात की देवाशी व मंडळीशी त्याचा समेट आहे किंवा नाही. एकाचाही नसेल, तर तो होईपर्यंत कोणालाच भोजन नाही. पन्नासाहून अधिक वर्षे मी "आहे" असे म्हणत आलो आहे व ते दरवेळी खरे होते.

बिशप सायलस मार्टिन माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, आठवडाभर घोड्यांचे साज शिवतात. ते माझ्यापाशी आले. "उरायसभाऊ, समेट आहे ना?"

"नाही."

ते सवयीने पुढच्या माणसाकडे वळले होते. परत आले. "काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

"कोणाशी नाही?"

"एम्झी बाउमनशी."

"काय केलं त्यांनी?"

"माझे शेत नांगरले."

बिशप थांबले. "आणि?"

"आणि वाकडे नांगरले."

मागच्या बाकावर कोणाला तरी खोकला झाला. तो खोकला संपूर्ण बाकावर पसरला. बिशपांनीही रुमाल काढला. "पण तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात ना?"

"मी कमरेला विश्रांती देत होतो."

एम्झी उठला. तो माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या खांबाकडे पाहून बोलला. "चुकलं माझं. मी माफी मागतो."

"कशाबद्दल मागता?" बिशपांनी विचारले.

"ते उरायसला विचारायला हवं. त्याला ठाऊक असेल."

मी विचारले, "पुन्हा तसे करशील काय?"

एम्झीने प्रामाणिकपणे विचार केला. "तू पडलास तर करीन की," तो म्हणाला.

"मग ही माफी नव्हे," मी म्हणालो व खाली बसलो.

बिशपांनी छताकडे पाहिले. मदत केल्याबद्दल एम्झीला शिक्षा करता येत नव्हती आणि खरे बोलल्याबद्दल मला. प्रभुभोजन पुढे ढकलले. स्त्रियांच्या बाजूने ताईचा आवाज आला. सभेत स्त्रिया बोलत नाहीत. ती बोलली.

"मेले तर तुझ्या त्या शेतातच पुरा मला," ती म्हणाली. "वाकडी."

१० मे

सोळा अंश.

मंडळीने मला शांत करण्याचा निश्चय केलेला दिसतो. न मागता मदत केली म्हणून मी दुखावलो आहे, यावर त्यांना सुचलेला उपाय म्हणजे अधिक मदत.

सूप, भाजलेले बटाटे, आंबवलेली कोबी, पुन्हा सूप. टेबल भरले, मग खुर्च्या भरल्या, आता मी उभ्याने जेवतो. मी खिडकीतून बाहेर पाहत असताना दोन स्त्रिया ती बाहेरून पुसू लागल्या. आम्ही बराच वेळ एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणी तरी गाईची दोनदा धार काढली. कोणी तरी माझे मांजर धुतले. ते आता लाल नाही, परंतु मला ओळख दाखवीत नाही.

दुपारी ताई आली. या वेळी ती ओरडली नाही, तेव्हा मला काळजी वाटली. तिचे हात फार बारीक झाले आहेत.

"उरायस," ती म्हणाली, "लव्हिना गेली तेव्हा तू तीन दिवस दार उघडलं नाहीस. आठवतं?"

"मी घर आवरीत होतो."

"पायरीवर कोण बसलं होतं ते तीन दिवस?"

एम्झी बसला होता. मी त्याला बसावयास सांगितले नव्हते.

"मला प्रभुभोजन हवंय रे," ती म्हणाली. "बायकांच्यात बसून कुणाचे तरी पाय धुवायचेत एकदा. माझं एवढंच राहिलंय. आणि ते तुझ्या रेघेवर अडलंय."

ती गेल्यावर मी ठरवले. एम्झीने माझ्या देखत ते शेत पुन्हा, सरळ नांगरावे. तसे झाल्यास माझी तक्रार उरणार नाही. ही न्याय्य तडजोड आहे.

११ मे

पंधरा अंश. वारा पडलेला.

आज जे घडले ते नीट क्रमाने लिहितो.

एम्झी लगेच कबूल झाला. "तू म्हणशील तसं करतो," असे म्हणून तो घोडे आणावयास गेला. मी बांधावर खुर्ची टाकून बसलो. तो घोड्यांना हात लावीत लावीत त्यांच्या कडेने चालत होता. गळपट्टा त्याने बोटांनी चाचपून बसवला. दुसऱ्या घोड्याचा गळपट्टा घेऊन तो कुंपणाच्या खांबापाशी गेला व खांबाला म्हणाला, "मान वर कर, राजा."

मी उठलो. उठणे सोपे नव्हते. त्याच्यापाशी जाऊन त्याच्या तोंडासमोर हात हलवला.

"वारा सुटला का रे?" एम्झी म्हणाला.

मग मला कोट आठवला. मुरंब्याची बरणी, लाल कोंबडी, वाफेतली कढई, खांबाकडे पाहून मागितलेली माफी. चौथीत मी पहिला होतो.

"केव्हापासून?" मी विचारले.

तो गळपट्टा हातात घेऊन उभा राहिला. "लव्हिना गेली तेव्हा चेहरे दिसत होते. मागच्या हिवाळ्यापासून नुसता उजेड. कडेकडेनं थोडं हलतं. कुणाला बोलू नकोस, उरायस. लगाम काढून घेतील माझ्या हातातला. मग मी काय करू? बसू?"

"सुनेस ठाऊक आहे?"

"तिला वाटतं, मी वेंधळा आहे. तुला पण तसंच वाटतं. बरं पडतं ते."

"आणि हे शेत कसे नांगरलेस?"

"घोड्यांना तुझी रेघ पाठ असेल म्हटलं. इतकी वर्षं शेजारून जातायत. मी नुसता नांगराच्या बैठकीवर बसलो." त्याने शेताकडे तोंड केले. नेमके शेताकडे नव्हे, पण जवळपास. "तू सभेत म्हणालास वाकडी आहे. मला वाटलं, रागानं म्हणतोस. जाताना मला वाटत होतं की सरळ चाललोय. फार छान वाटत होतं रे. खरं सांग. वाकडी आहे का?"

मी आयुष्यात नांगरटीच्या बाबतीत खोटे बोललेलो नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला त्याच्या लग्नाच्या दिवशी मी खरे सांगितले होते.

मी शेताकडे पाहिले. मध्यभागी ते वेटोळे होते. एक टिटवी त्यातून चालत होती व तिलाही वळावे लागत होते.

"उत्तरेकडून पाहिले तर सरळ आहे," मी म्हणालो.

"उत्तरेकडून?"

"आपण उत्तरेला आहोत."

त्याने श्वास सोडला. "मग पुन्हा नांगरायचं नाही?"

"सरळ नांगरलेले शेत पुन्हा नांगरण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही," मी म्हणालो आणि त्याच्या हातातून गळपट्टा घेऊन घोड्याला घातला, मग लक्षात आले की आता त्याची गरज नाही, म्हणून काढला.

१३ मे, रविवार

दुसरी सभा.

सर्व मंडळी माझ्या शेतावरूनच आली होती. सर्वांनी ते पाहिले होते. काहींनी तर बग्गी थांबवून.

"उरायसभाऊ," बिशप जपून म्हणाले, "समेट आहे?"

"आहे."

"आणि ती नांगरट?"

"सरळ आहे."

कोणीही खोकले नाही. बिशपांनी खिडकीकडे पाहिले. तेथून शेताचा कोपरा दिसतो, तोच तो रस्त्यावर गेलेला. माझे कान तापले. साठ वर्षांत मी हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या कामाविषयी उच्चारले नव्हते. एम्झी पुढच्या बाकावर ताठ बसला होता व त्याची मान आनंदाने लाल झाली होती. या वेळी रंग नव्हता.

"सरळ आहे," बिशप हळूच म्हणाले. "मंडळीने ऐकलं." आणि पुढच्या माणसाकडे गेले.

हे पाप आहे किंवा नाही, हे मला ठरवता आलेले नाही. प्रार्थनेत मी विषय काढला, परंतु उत्तरेचा मुद्दाही मांडला.

२० मे, रविवार

अठरा अंश. सफरचंदाला मोहर.

प्रभुभोजन झाले. भाकर घेतली, पेला घेतला. मग पाय धुण्यासाठी लाकडी घंगाळी आणली. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे आम्ही एकमेकांचे धुतो, शेजारचा शेजाऱ्याचे. मी मुद्दाम एम्झीच्या शेजारी बसलो होतो.

मी बूट काढले. नाडीचे नसल्यामुळे ते सहज निघतात. एम्झी गुडघ्यांवर बसला, पाण्यात हात घातले आणि अतिशय काळजीपूर्वक, प्रेमाने, बाकाचा पाय धुवू लागला.

समोरच्या ओळीतून कोणी पाहील, असे मला वाटले. मी माझा पाय उचलला व त्याच्या हाताखाली नेला. कमरेतून कळ आली. त्याची बोटे क्षणभर थांबली.

"हा तुझा?" तो कुजबुजला.

"माझा."

"मग आधी काय धुतलं मी?"

"तेही मळले होते," मी म्हणालो.

त्याचे खांदे हलू लागले. उपासनेत हसू नये. परंतु तो हसत होता, आणि पाणी माझ्या विजारीवर उडत होते, आणि मी त्याला आवरीत असताना माझ्याही घशातून एक आवाज निघाला, तो मी खोकल्यात बदलला.

मग माझी पाळी आली. मी घंगाळ्यापर्यंत वाकण्याचा प्रयत्न केला. पुन्हा केला. सर्व मंडळी आपापल्या पायांकडे पाहू लागली.

एम्झी म्हणाला, "काय झालं? तुळया बघतोस का?"

"मला वाकता येत नाही," मी म्हणालो. हे मी यापूर्वी कोणालाही सांगितलेले नव्हते.

"बस मग तू," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी बाकावर बसून त्याने आपले दोन्ही ओले, केसाळ, भेगाळलेले पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवले. बिशपांनी घंगाळे उचलून माझ्या हाताशी धरले. मी ते पाय धुतले. माझी रविवारची विजार संपूर्ण भिजली. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या नखाखाली अजून थोडा लाल रंग होता. तो मी काढला.

पडद्यापलीकडे, स्त्रियांच्या बाजूला, ताई एल्व्हेर्डाचे पाय धूत होती. तिलाही वाकता येत नाही. दोघींनी तिला धरले होते. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "किती घट्टे गं तुझ्या पायाला. कुणाच्या दारी फेऱ्या घालतेस एवढ्या?"

२७ मे, रविवार

मालिंडाताई गुरुवारी झोपेत गेली. तिला मंडळीच्या स्मशानभूमीत ठेवले. खड्डा सरळ खणला होता. मी तपासला.

घरी सूप फार आले आहे. मी सर्व भांडी घेतली. माझ्याकडे सूप आहे, असे मी एकालाही सांगितले नाही.

३० मे

वीस अंश. सायंकाळी गारवा.

आज एम्झीच्या कुंपणापासून माझ्या सरपणाच्या राशीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी बांधली. ती अगदी सरळ आहे. ती धरून चालले असता कोणीही वाटेतल्या पंपाला, कोंबडीला अथवा मांजराला न धडकता राशीपर्यंत पोहोचू शकेल.

एल्व्हेर्डाने विचारले, "ही कशाला, काका?"

मी सांगितले की ती कपडे वाळत घालण्यासाठी आहे.

"बाबांना सांगते," ती म्हणाली, आणि एप्रनला हात न पुसताच घाईने घराकडे गेली.

३१ मे

एकोणीस अंश. वारा नाही. आकाश निरभ्र.

सरपणाची रास आज किंचित उंच दिसली. लाकूड योग्य रीतीने रचले असता असे होते.